एकशे एकेचाळिसावी फेरी

ब्रश क्रीक, व्हर्जिनिया
१४ मार्च २००९

नोरीन,

डेल्मर गेल्याचं मला एका कात्रणातून कळलं. आपल्या चर्चमधल्या आयलीनच्या भाच्याने ते तिकडून, इंडियानातून पाठवलं होतं. रविवारी प्रार्थनेनंतर जेवणाच्या टेबलाशी मी बटाट्याचं सॅलड वाढून घेत होते, आणि आयलीन म्हणाली, “अगं ग्लेना, हा तुझ्या बहिणीचाच नवरा ना?” तीन आठवडे होऊन गेले होते. खरं सांगते, मला आधी राग आला. रडू घरी आल्यावर आलं.

तू इथे असतीस तर पहिल्याच दिवशी मी भांडंभर चिकन आणि मक्याचा पाव घेऊन तुझ्या दारात आले असते. सहाशे मैलांवर काय पाठवायचं? म्हणून हे पत्र. आईच्या दफनानंतर तुला लिहिलेलं हे पहिलंच. नाताळची कार्डं मी धरत नाही. त्यांवर तू नावापलीकडे काही लिहीत नाहीस, आणि मीही नाही.

कात्रण चार वेळा वाचलं. बावीस वर्षं कारखान्यात, चर्चचा विश्वस्त, मासेमारीची आवड, मागे पत्नी आणि मुलगी डार्ला. तो गाडी पळवायचा याचा एक शब्द नाही. आपल्या भागात त्याच्यासारखं वळण घेणारा दुसरा नव्हता, हे त्याच्या वाईटावर असलेली माणसंही कबूल करायची. तू मुद्दाम वगळलंस का?

माझ्या हॉलिसची फुप्फुसं गेली आहेत. गिरणीतल्या कापसाची तीस वर्षं आता बाहेर निघतायत. नाकात नळी असते, ऑक्सिजनची बाटली चाकांवर ओढत हिंडतो आणि तिला ‘पोरगी’ म्हणतो. डॉक्टर नाताळपर्यंत म्हणतात. दोन मेला आपल्या ट्रॅकवर जुन्या ड्रायव्हरांचा दिवस आहे. त्याला सगळ्यांत पुढच्या उघड्या गाडीत बसवून फेरी मारणार आहेत, आणि कर्ण्यावर पुकारणार आहेत की हा अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरातल्या लेबर डेच्या दोनशे फेऱ्यांचा विजेता. तुला ठाऊकच आहे, चौदा वर्षांत त्याने जिंकलेली तेवढी एकच. त्याने टोपीसुद्धा धुऊन ठेवली आहे.

तू ये. डार्लालाही आण. त्या दिवशी मोजताना तुझी एक फेरी निसटली ती निसटली, तीस वर्षांनंतर कोण ते धरून बसलंय? मी तर कधीच मनात ठेवलं नाही.

तुझी,
ग्लेना


२९ मार्च

नोरीन,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तर आलं नाही, म्हणजे तू वाचलंस.

माझं मागचं शेवटचं वाक्य तुला झोंबलं असणार. पाकीट पेटीत पडलं आणि मलाही झोंबलं. पोस्टातल्या बाईला म्हटलं, “ते परत काढता येईल का?” ती म्हणाली, “नाही हं, आता ते सरकारचं झालं.”

पण तू तरी तेव्हा भांडायचंस, बाई. तू नुसती गेलीस. मार्च महिना, मांडीवर सहा आठवड्यांची डार्ला, मागे ट्रेलरवर खाटा आणि फ्रीज. ज्या ट्रेलरवरून शर्यतीची गाडी जायची त्यावरून संसार गेला. आई फाटकात उभी होती. तू तिच्या गळ्यात पडलीस आणि माझ्याशी हात मिळवलास. सख्ख्या बहिणीशी कोणी हात मिळवतं का?

मला माहीत आहे लोक काय म्हणायचे. चर्चमध्ये केक कापायची वेळ आली की कोणीतरी म्हणायचंच, “नोरीनला मोजायला सांगू नका, एक तुकडा कमी भरेल.” आईच्या टेबलावर आपले मामासुद्धा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, हे मला आठवतं. तू राजमा माझ्याकडे सरकवलास आणि खाली बघत राहिलीस.

डार्लाला हे काही माहीत आहे का? मोजणी म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं. आता गाडीच्या पोटात एक यंत्र असतं, ते आपोआप मोजतं. तेव्हा ज्याची गाडी त्याची बायको मोजायची. शेवटच्या रेषेच्या वर त्या लाकडी फळ्यांवर आपण सव्वीस जणी बसायचो, मांडीवर कार्ड, कार्डावर दोनशे चौकोन, समोर ते मोठं घड्याळ. आपली गाडी रेषेवरून गेली की घड्याळ बघायचं आणि चौकोनात वेळ लिहायची. एकोणीस सेकंदांनी परत. बोलायचं नाही, मान वळवायची नाही, शिंक आली तर दोन फेऱ्यांच्या मधे शिंकायची. शेवटी खाली सही. ड्रायव्हर पुढे होता की मागे, हे त्या कार्डावर ठरायचं. दोन हजार लोकांनी पाहिलं तरी कार्डावर नसेल तर ते घडलंच नाही.

मी तुला हे कशाला सांगते आहे? तूच मला म्हणायचीस की प्रसूती परवडेल पण मोजणी नको.

त्या दिवशी तू उठून गेली होतीस. चार मिनिटं. तेवढा वेळ तुझं कार्ड माझ्याकडे होतं. हे आपण दोघींशिवाय कोणाला माहीत नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की मी ते विसरलेले नाही.

ग्लेना


११ एप्रिल

नोरीन,

आज ईस्टरच्या आदला दिवस. ओव्हनमध्ये डुकराची तंगडी आहे आणि हॉलिस बाहेर खुर्चीत झोपलाय. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता जे येईल ते येईल.

एकशे अडतिसाव्या फेरीला कोणाची तरी गाडी फिरली आणि पिवळा झेंडा आला. सगळ्या गाड्या हळू, रांगेत. तू सकाळपासून पांढरी पडली होतीस. पोटात चार महिन्यांची डार्ला, त्यात खालून तळणीचा आणि रबराचा वास. तू माझ्या कानाशी आलीस, “ग्लेना, धर जरा. मला उलटी होतेय.” आणि कार्ड माझ्या मांडीवर टाकून पळालीस. एकीने दोन कार्डं धरली तर दोन्ही गाड्या बाद, हा नियम तुलाही माहीत होता नि मलाही. मोजणीवर देखरेख करणारे प्रुइट साहेब पलीकडच्या टोकाला पाठमोरे होते. मी तुझं कार्ड माझ्या कार्डाखाली घेतलं.

एकशे एकोणचाळीस, दोन्ही लिहिल्या. एकशे चाळीस, दोन्ही लिहिल्या. मग डेल्मर टायर बदलायला आतल्या गल्लीत वळला. त्याची जागा रेषेच्या पुढे होती, म्हणजे आतून जाताना तो रेषा ओलांडणार, आणि ती फेरी धरायची. हे झोपेतही आपल्याला माहीत. पण नेमकं तेव्हा हॉलिसच्या बॉनेटमधून पांढरं काहीतरी निघालं. मला वाटलं, संपलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा हा पहिल्या तिघांत आहे आणि इंजिन गेलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. डेल्मर आतून रेषा ओलांडून गेला ते मी पाहिलं नाही.

तो परत बाहेर येऊन रांगेच्या शेपटीला लागला आणि रेषेवरून गेला, तेव्हा मी लिहिलं. एकशे एकेचाळिसाव्या चौकोनात. ती एकशे बेचाळिसावी होती. पेन्सिल उचलली नि मला दिसलं, वरच्या आणि खालच्या वेळेत दोन फेऱ्यांचं अंतर होतं. मला तिथल्या तिथे कळलं, नोरीन. खोडरबर माझ्या हातात होतं.

एवढ्यात तू आलीस. तोंड धुतलेलं, केस ओले. खाली बसता बसता म्हणालीस, “सगळं बरोबर ना गं?”

मी म्हणाले, “सगळं आहे. बस.”

पहिली भीती होती ती प्रुइटची. त्याने मान वळवली होती. म्हटलं, पुढच्या पिवळ्या झेंड्याला सांगू. पुढचा पिवळा झेंडा आलाच नाही. साठ फेऱ्या सलग हिरव्या झेंड्याखाली, पूर्ण वेगात. आणि मग समोरच्या आकड्यांच्या फलकावर त्यांनी छत्तीस नंबर सगळ्यांत वर लावला. माझ्या नवऱ्याचा नंबर सगळ्यांत वर मी कधी पाहिला नव्हता. डेल्मर एकेकाला मागे टाकत आला, हॉलिसलाही टाकलं, अर्धी सरळ वाट पुढे होता तो शेवटी. पण फलकावर तो एक फेरी मागे होता, आणि झेंडेवाल्याने जिंकल्याचा चौकड्यांचा झेंडा हॉलिसवर हलवला. तोवर भीतीबिती काही उरली नव्हती. मला सांगायचंच नव्हतं. हे एवढं वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली.

मग दोन गाड्या विजेत्याच्या जागी येऊन उभ्या राहिल्या. भांडण, टोप्या फेकणं, डेल्मरचा भाऊ कुंपणावर. प्रुइटने पंचांच्या मनोऱ्यात कार्डं मागवली, आणि सगळ्यांसमोर तुला विचारलं, “बाई, हे अक्षर तुमचंच? दुसऱ्या कोणी कार्डाला हात लावला होता?” आपल्या दोघींचे आकडे सारखेच. आई कामावर असायची, मी तुला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवून शिकवलेले. तू माझ्याकडे पाहिलंस. तू खरं बोलली असतीस तर दोघंही बाद झाले असते, हॉलिसही. तू म्हणालीस, “नाही सर. सगळं माझंच आहे.”

तू मला वाचवलंस, आणि मी तुला केकचे तुकडे मोजायला बसवलं.

मी तुझी माफी मागते आहे. ती मागायची पद्धत मला नीट येत नाही, सवय नाही.

ग्लेना


२० एप्रिल

नोरीन,

मी हॉलिसला सांगितलं.

तुला सांगितलं आणि ज्याच्यासाठी लपवलं त्याला नाही, असं कसं चालेल? रविवारी दुपारी तो शर्यत बघत बसला होता.

“हॉलिस, टीव्ही बंद कर.”

“चाळीस फेऱ्या राहिल्यात.”

“बंद कर म्हणते ना.”

त्याने आवाज बंद केला, चित्र चालू ठेवलं. मी सांगत गेले. माझं संपल्यावर म्हणाला, “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“डेल्मर जिंकला होता ते. अगं, मी गाडीत होतो. त्याला मी एकदाही मागे टाकलं नव्हतं. ज्याला मागे टाकलंच नाही तो एका फेरीने मागे जाईल कसा?”

“मग तीस वर्षं बोलला का नाहीस?”

त्याने पोरगीची नळी सारखी केली. “मला वाटलं तू माझ्यासाठी केलंस. मुद्दाम. तुला मी सगळ्यांपुढे तोंडघशी पाडू?”

मी म्हटलं, “मुद्दाम नाही रे. माझं लक्ष नव्हतं. तुझ्या गाडीतून धूर येत होता.”

“धूर नव्हता तो. वाफ होती. इंजिनच्या पाण्याच्या नळीची पट्टी सैल झाली होती.” आणि तो हसायला लागला. हसता हसता खोकला, इतका की मी फोनकडे धावले. मला हाताने थांबवून म्हणाला, “म्हणजे तीस वर्षं मी समजत होतो की एका बाईने माझ्यासाठी चर्च, बहीण, सगळं पणाला लावलं. आणि ती बाई म्हणते तिचं लक्ष नव्हतं.”

“लक्ष तुझ्याकडेच होतं.”

“हो,” म्हणाला. “तेही खरंच.”

मला वाटलं होतं तो रागवेल, आदळआपट करेल. तो नुसता खुर्चीत लहान होऊन बसला. मग म्हणाला, “त्या दिवशी सगळे पांगल्यावर डेल्मर माझ्याकडे आला होता. हातात हेल्मेट. म्हणाला, ‘हॉलिस, तुला माहीत आहे.’ एवढंच. मी म्हणालो, ‘कार्डावर आहे ते आहे.’ तो म्हणाला, ‘बरं.’ आणि गेला. साडूच होता, भांडला असता तर बरं झालं असतं.”

आज सकाळी त्याने ट्रॅकवाल्यांना फोन केला. मी ओट्याशी होते, ऐकत होते. “उघड्या गाडीत दुसऱ्या कोणाला तरी बसव बाबा. नाही, तब्येत बरी आहे. ती शर्यत मी जिंकलो नव्हतो.” पलीकडचा पोरगा बहुतेक हसला, म्हातारा चळला असं वाटलं असेल. हॉलिसने परत तेच वाक्य सावकाश म्हटलं आणि फोन ठेवला. त्याच्याकडे आता एकही जिंकलेली शर्यत नाही. धुतलेली टोपी त्याने भाजी खुडायला घातली.

हे पत्र तोच पोस्टात टाकतो म्हणतोय. मी नको म्हटलं, तो बाटलीसकट ट्रकमध्ये जाऊन बसलाय.

मला काहीतरी लिही. शिव्या दे, पण लिही.

ग्लेना


कोकोमो, इंडियाना
२७ एप्रिल २००९

ग्लेना,

तुझी चारही पत्रं मिळाली. पहिलं मी कचऱ्यात टाकलं, तू मला माफ केलंस म्हणून. बाकीची टेबलावर आहेत.

तू विचारलंस तेवढ्याचं आधी सांगते. बातमीत शर्यतींचं मी वगळलं नाही. डेल्मरनेच सांगितलं होतं. म्हणाला, “ते घालू नकोस, लोक विचारतील काय जिंकलास.”

आता मी तुला एक गोष्ट सांगते, ती तुला माहीत नाही.

मी त्याला पाहिलं होतं.

फळ्यांच्या मागचा जिना आठवतो ना? मी खालून वर येत होते, रुमालाने तोंड पुसत. तिथल्या फटीतून आतली गल्ली दिसायची. डेल्मरचा आठ नंबर रेषेवरून गेला आणि आपल्या जागेवर जाऊन थांबला. मी मनात म्हटलंसुद्धा, एकशे एकेचाळीस. मग वर आले, तू म्हणालीस सगळं आहे. कार्डात पाहिलं तर एकशे एकेचाळिसासमोर वेळ होती, म्हटलं हीच ती. मनोऱ्यात प्रुइटने जेव्हा बोट ठेवून ते अंतर दाखवलं, तेव्हा मला कळलं की काहीतरी चुकलंय. मी तुझ्याकडे पाहिलं. तुला वाचवायला नाही पाहिलं, ग्लेना. विचारायला पाहिलं. तू मान हलवलीस, अगदी जराशी. मला वाटलं तू म्हणतेस, नाही, तो गेला नव्हता. मग मी ठरवलं की मलाच भास झाला. आजारी होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आणि तू कशी चुकशील? मला मोजायला तूच शिकवलंस.

अक्षर माझंच, असं मी म्हणाले ते तुमच्या दोघांसाठी. ते मी केलं, त्याचं मला काही वाटत नाही. पण प्रुइटने पुढे आणखी एक विचारलं होतं, ते तू पत्रात लिहिलं नाहीस. त्याने विचारलं, “तुमचा नवरा आतून रेषा ओलांडताना तुम्ही पाहिलात?” डेल्मर तिथेच उभा होता. मी म्हणाले, “नाही सर.”

त्या रात्रीपासून ते गेल्या फेब्रुवारीपर्यंत त्याने मला हे तीनदाच विचारलं. एकदा घरी जाताना ट्रकमध्ये. एकदा डार्लाच्या लग्नाच्या सकाळी, कोट घालताना. आणि शेवटी पलंगावर, अर्धं बोलणं समजत नव्हतं तेव्हा. “नोरीन, मी गेलो होतो ना गं आतून?” प्रत्येक वेळी मी नाही म्हणाले. रागाने नाही, प्रेमाने म्हणाले. माणसाने खोट्याला धरून बसू नये म्हणून. शेवटच्या वेळी मी त्याचा हात धरून म्हणाले, “आता सोड ना ते, राजा.” आणि त्याने सोडलं. मी सोडायला लावलं.

तो मला कधी एक शब्द टाकून बोलला नाही. तुम्ही सगळे हसलात, तो कधी हसला नाही.

डार्ला हसायची. मोठी झाल्यावर तिला गोष्ट कळली, तशी ती त्याला चिडवायची, “बाबा, तुमच्या बायकोनेच लिहिलंय की तुम्ही हरलात.” तो म्हणायचा, “हो बाळा, तुझी आई खोटं नाही लिहिणार.” आता ती चिडवत नाही, पण तिला तेच माहीत आहे. बाप भला होता, फक्त एका गोष्टीत जरा आपल्याच मनाचं धरून बसायचा, असं ती दफनाच्या दिवशी लोकांना सांगत होती. मी शेजारी उभी होते.

मी तिला सांगू शकत नाही. तीन वेळा नाही म्हटलेल्या तोंडाने आता हो कसं म्हणू? तू लिही. स्वतःच्या हाताने लिही, खाली नाव घाल. तिचा पत्ता पाठीमागे आहे.

मला मात्र आता लिहू नकोस. निदान काही दिवस. तू लिहितेस आणि मला ते लगेच खरं वाटतं. ती खोड मला मोडायची आहे.

हॉलिसला सांग, त्याने फोन केला ते बरं केलं.

नोरीन


ब्रश क्रीक
३ मे २००९

प्रिय डार्ला,

मी तुझी ग्लेना मावशी. तुला मी पाहिलं ते सहा आठवड्यांची असताना, आणि पुढे तुझ्या आजीच्या दफनात लांबून. मी अचानक का लिहिते आहे असं तुला वाटेल. तुझ्या आईने लिहायला सांगितलं म्हणून, आणि हे आधीच लिहायला हवं होतं म्हणून.

चार सप्टेंबर १९७८ ला इथल्या दोनशे फेऱ्यांच्या शर्यतीत तुझे वडील आठ नंबर चालवत होते. एकशे अडतीस ते एकशे बेचाळीस या फेऱ्यांत त्यांचं कार्ड तुझ्या आईकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. तिला उलटी होत होती, तू पोटात होतीस. एकशे एकेचाळिसाव्या फेरीला ते आतल्या गल्लीतून रेषेवरून गेले. ते मी लिहिलं नाही. चुकून राहिलं, पण लगेच माझ्या लक्षात आलं, आणि तरीही मी ते लिहिलं नाही, तुझ्या आईला सांगितलं नाही, विचारल्यावरही गप्प बसले. तो मान माझ्या नवऱ्याला मिळाला. तो तुझ्या वडिलांचा होता. ते अर्धी सरळ वाट पुढे राहून जिंकले होते, आणि ते आयुष्यभर जे म्हणत आले ते अक्षरशः खरं होतं.

तुझे काका शेजारी बसले आहेत. त्यांना दोन ओळी लिहायच्या होत्या, त्या त्यांच्या सांगण्यावरून मीच लिहिते. ते म्हणतात, त्या दिवशी मी डेल्मरला एकदाही मागे टाकलं नाही, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

काल ट्रॅकवर जुन्या ड्रायव्हरांचा दिवस झाला. आम्ही गेलो नाही. कर्ण्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येतो. अठ्ठ्याहत्तर सालाशी आले तेव्हा त्यांनी कोणाचंच नाव घेतलं नाही, सरळ एकोणऐंशीवर गेले. मी सोमवारी त्यांच्या कचेरीत जाणार आहे. तुझ्या वडिलांचं नाव घेतील की नाही मला सांगता येत नाही. तिथली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती, आणि प्रुइट वारले. पण मी जाणार आहे, आणि नाही म्हणाले तर परत जाणार आहे.

तुझ्या आईने मला तिला लिहू नकोस म्हटलंय, तेव्हा मी लिहिणार नाही. माझं एक काम तू कर. हे पत्र वाचून झालं की तिच्या घरी जा. फोनवर नको, समोर बस. तिने त्या दिवशी तुझ्या वडिलांना आतून जाताना पाहिलं होतं का, एवढंच विचार. तिला वेळ लागेल. आजवर या प्रश्नाला ती नाही म्हणत आली आहे, माझ्या शब्दावर. ती हो म्हणाली, की तिच्यावर विश्वास ठेव.

तुझी मावशी,
ग्लेना क्रूज